गाठ निघाल्यानंतरचे दिवस: एका बालमेंदूशल्य विभागाच्या शस्त्रक्रियोत्तर सेवेचे परीक्षण

आमच्या ७ वर्षांच्या मुलीच्या लहान मेंदूलगतची, म्हणजे डोक्याच्या मागच्या भागातल्या सेरेबेलमलगतची, गाठ काढली, त्याला आता १४ महिने झाले. शस्त्रक्रियेविषयी मी येथे काही लिहिणार नाही. ते काम जोखण्याइतके ज्ञान मला नाही, आणि दुसऱ्या दिवशीच्या एमआरआयमध्ये गाठीचा अंश उरलेला दिसला नाही एवढ्यावर माझे समाधान आहे. मला परीक्षण करायचे आहे ते त्यानंतरच्या सेवेचे, म्हणजे अतिदक्षता विभागातले दिवस, वॉर्डातले आठवडे, घरी पाठवताना दिलेली माहिती, फोनवरची मदत आणि पुढच्या तपासण्या यांचे. मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर मुलांना जे त्रास होतात त्यांतले बरेचसे कोणाच्या हलगर्जीपणामुळे होत नाहीत. गाठ ज्या जागी वाढलेली असते, त्या जागेमुळेच ते उद्भवतात. म्हणून त्रास झाले की नाही यावरून विभागाला बरेवाईट ठरवणे अन्यायाचे होईल. मी एकच प्रश्न धरून तो सगळा काळ तपासला आहे: प्रत्येक नवा त्रास आधी कोणाच्या लक्षात आला, त्यांच्या की आमच्या, आणि लक्षात आल्यावर पुढे काय झाले? विभागाचे नाव देत नाही, कारण ज्यांच्याविषयी लिहीत आहे ती माणसे अजूनही तिथे रोज मुलांची काळजी घेत आहेत.

गाठ मेड्युलोब्लास्टोमा नावाच्या कर्करोगाची होती आणि ती मेंदूच्या चौथ्या पोकळीत, म्हणजे मेंदूतले पाणी खाली उतरते त्या वाटेवरच वाढली होती. वाट अडल्यामुळे वरच्या पोकळ्यांत पाणी तुंबले होते. आधीच्या दोन महिन्यांतली डोकेदुखी आणि सकाळच्या उलट्या त्यामुळेच होत्या. शस्त्रक्रियेच्या वेळी डोक्याच्या पुढच्या भागातून एक बारीक नळी आत घालून ते पाणी बाहेर टांगलेल्या भांड्यात घेण्याची सोय केली होती. या ड्रेनची देखभाल हा या सेवेचा सर्वांत भक्कम भाग आहे. कानाच्या छिद्राच्या रेषेला शून्य धरून भांड्याची उंची ठरवलेली असते. भांडे खाली गेले तर पाणी जास्त वाहते, वर गेले तर थांबते. त्यामुळे खाट वरखाली करायची असो, मुलीला कुशीवर वळवायचे असो वा कपडे बदलायचे असोत, आधी नळी बंद करायची, मग हालचाल, मग उंची पुन्हा जुळवायची आणि शेवटी नळी उघडायची, असा ठरलेला क्रम होता. दर तासाला किती पाणी आले आणि त्याचा रंग कसा आहे याची नोंद होत असे. पहिल्याच रात्री सिस्टरने मला हा क्रम समजावून सांगितला आणि म्हणाल्या, ‘‘तुम्ही हात लावायचा नाही, पण आमच्यापैकी कोणाचा क्रम चुकला तर मोठ्याने सांगायचे.’’ पालकाला असा अधिकार देणारी सूचना मी आजवर कोणत्याही वॉर्डात ऐकली नव्हती.

आणि तो अधिकार सहाव्या दिवशी वापरावा लागला. बदलीवर आलेल्या एका कर्मचाऱ्याने नळी उघडी असतानाच खाटेचे डोके वर केले. भांड्यात पाणी झपाट्याने जमू लागले तेव्हा मी ओरडले आणि शेजारच्या खाटेजवळच्या सिस्टर धावत येऊन त्यांनी नळी बंद केली. पाणी एकदम जास्त निघून गेले तर मेंदूच्या पोकळ्या आकसतात, पृष्ठभागावरच्या शिरा ताणल्या जातात आणि रक्तस्राव होऊ शकतो, हे मला नंतर समजले. आमच्या मुलीला काही झाले नाही. चूक आधी आमच्या लक्षात आली, हे त्या विभागाच्या विरुद्ध जाते. परंतु तासाभरात वॉर्डच्या प्रमुख सिस्टर स्वतः आल्या, काय घडले ते त्यांनी काहीही न लपवता सांगितले, घटनेची लेखी नोंद केली आणि दुसऱ्या दिवसापासून ड्रेन असलेल्या प्रत्येक खाटेच्या कळीवर लाल पट्टी लावलेली दिसली. झालेली चूक मान्य करण्याची ही रीत मी सेवेच्या जमेच्या बाजूला धरते.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे परीक्षण लिहायला घेतले, तिच्याकडे येते. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी श्वासाची नळी काढली आणि संध्याकाळी ती ‘पाणी’ म्हणाली. तिच्या वडिलांना तिने नावाने ओळखले. आम्ही दोघांनीही घरी फोन करून ती बोलते आहे असे सगळ्यांना सांगितले. तिसऱ्या दिवशी सकाळी ती बोलेनाशी झाली. डोळे उघडत नव्हती, मान धरत नव्हती, हातपाय कापडाच्या बाहुलीसारखे सैल पडले होते, आणि जवळ गेले की एका सुरात, बारीक आवाजात रडत होती. त्या रडण्यात एकही शब्द नव्हता. डॉक्टरांनी तातडीने सीटी स्कॅन केला, रक्तातले क्षार पाहिले, ड्रेन चालू असल्याची खात्री केली आणि रक्तस्राव नाही, पाणी तुंबलेले नाही असे सांगितले. मग शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टर आल्या आणि त्यांनी या अवस्थेचे नाव सांगितले: सेरेबेलर म्युटिझम सिंड्रोम, म्हणजे लहान मेंदूवरच्या शस्त्रक्रियेनंतर येणारे मूकत्व.

त्यांनी पुढे जे समजावले ते उत्तम होते. लहान मेंदूतून थॅलॅमसमार्गे मोठ्या मेंदूच्या पुढच्या भागाकडे जाणारा एक मज्जामार्ग आहे; गाठ मध्यभागी आणि मेंदूच्या देठाला लागून असली की तो दुखावण्याची शक्यता वाढते. मूकत्व लगेच येत नाही, बहुधा एकदोन दिवसांनी, कधी आठवड्याभरातही येते, म्हणूनच आधी बोललेले मूल नंतर गप्प होते. मेड्युलोब्लास्टोमाच्या शस्त्रक्रियेनंतर मोठ्या पाहण्यांमध्ये जवळपास चारांतल्या एका मुलामध्ये हे आढळले आहे. ते बरे करणारे असे सिद्ध झालेले औषध नाही. बोलणे बहुतेक मुलांमध्ये काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परतते, परंतु ते संथ आणि अडखळत येऊ शकते, आणि तोल व हालचालींतला सुबकपणा कमी राहू शकतो. हे सगळे त्यांनी खुर्ची ओढून, घाई न करता, दोनदा सांगितले.

माझा आक्षेप एवढाच आहे की हेच चार दिवस आधी सांगायला हवे होते. संमतिपत्रात रक्तस्राव, संसर्ग, अशक्तपणा हे शब्द होते, आणि एका ओळीत ‘बोलण्यात अडचण’ असेही लिहिले होते. चारांतल्या एका मुलाला होऊ शकणारी गोष्ट त्या ओळीतून कोणाही पालकाला कळणार नाही. आधी माहीत असते तर दुःख कमी झाले नसते, परंतु त्या तीन तासांत, स्कॅनचा निकाल येईपर्यंत, आपल्या मुलीचा मेंदू कायमचा गेला असे आम्ही समजून बसलो नसतो. नंतर मी ही गोष्ट डॉक्टरांकडे स्पष्टपणे बोलले. शस्त्रक्रियेआधी पालक घाबरून जातात म्हणून इतके तपशील देत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मला ते पटले नाही आणि आजही पटत नाही. मूल शस्त्रक्रियेला द्यायचे ठरवलेले पालक घाबरलेलेच असतात. त्यांच्या भीतीला निदान खरे नाव तरी मिळायला हवे.

मूकत्वाच्या त्या काळात विभागाने दिलेली शुश्रूषा मात्र मनापासून वाखाणण्यासारखी होती. जे मूल सांगू शकत नाही, त्याला दुखते आहे की नाही हे कसे ओळखायचे? सिस्टर दर चार तासांनी तिचा चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि कुशीत घेतल्यावर शांत होणे अशा पाच गोष्टींना शून्य ते दोन असे गुण देत. फ्लॅक असे त्या मोजपट्टीचे नाव आहे. बेरीज वाढली की आधी वेदनेचे औषध, आणि तरी उतरली नाही तर डॉक्टरांना बोलावणे. तिच्याशी सगळे बोलत असत, ती ऐकते आहे असे धरून. एक सिस्टर तर इंजेक्शन देण्याआधी तिला सांगत, मोजून तीन आकडे म्हणत आणि मगच सुई टोचत. पहिला शब्द आला तो ४१व्या दिवशी, किरणोपचार सुरू झाल्यावर. त्या वेळी ती त्याच सिस्टरकडे बघत होती आणि तिने ‘तीन’ असे म्हटले.

रक्तातल्या सोडियमच्या बाबतीत सेवा आमच्यापेक्षा नेहमी एक पाऊल पुढे होती. सोडियम साधारण १३५ ते १४५ यांच्या दरम्यान असायला हवे. पाचव्या दिवशी तिचे १२८ झाले होते आणि आम्हाला बाहेरून काहीच कळले नव्हते, कारण ती आधीच मलूल होती. दिवसातून दोनदा रक्त तपासत असल्यामुळे ते त्यांना दिसले. सोडियम उतरण्याची दोन कारणे असू शकतात आणि त्यांचे उपचार एकमेकांच्या अगदी उलट असतात: शरीर पाणी धरून ठेवत असेल तर पाणी कमी द्यावे लागते, आणि मूत्रपिंडे मीठ बाहेर टाकत असतील तर मीठ आणि पाणी दोन्ही भरून द्यावे लागते. फरक कळतो तो लघवीचे प्रमाण, त्यातले क्षार आणि रोजचे वजन यांच्या अचूक नोंदींवरून, म्हणजे सिस्टरांच्या कंटाळवाण्या वाटणाऱ्या वहीतून. आमच्या मुलीला दुसरा प्रकार होता. तीन दिवसांत सोडियम हळूहळू वर आणले, कारण ते फार वेगाने वाढवणेही मेंदूला घातक असते.

शेजारच्या खाटेवरच्या मुलाची गाठ पिट्युटरी ग्रंथीजवळ होती आणि त्याचे नेमके उलटे झाले: पाणी धरून ठेवणारे संप्रेरक कमी पडल्यामुळे तो भांडी भरभरून लघवी करू लागला आणि सोडियम चढले. अशा मुलांत सुरुवातीला लघवी वाढते, मग काही दिवस थांबते, आणि नंतर पुन्हा, कधीकधी कायमची वाढते. मधल्या टप्प्यात डेस्मोप्रेसिनचा, म्हणजे त्या संप्रेरकाच्या जागी दिल्या जाणाऱ्या औषधाचा, नेहमीचा डोस चालू राहिला तर अंगात पाणी साठते. तो मधला टप्पा ओळखून तिथल्या निवासी डॉक्टरांनी औषध वेळीच थांबवले, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. स्टिरॉइडचे डोस कमी करत नेण्याचे वेळापत्रकही नीट आखलेले होते.

गिळण्याच्या बाबतीत एक नियम मला विशेष आवडला: स्पीच थेरपिस्टने तपासल्याशिवाय तोंडाने एक चमचाही द्यायचा नाही. पाणी श्वासनलिकेत गेले तरी अशा मुलांना ठसका येईलच असे नाही, त्यामुळे ‘खोकत नाही म्हणजे गिळते’ हा घरगुती अंदाज चुकतो. तपासणीत तिचा गिळण्याचा समन्वय कमी असल्याचे दिसले आणि नाकातून नळी पाच आठवडे राहिली. पुढे घट्ट केलेल्या पातळ पदार्थांपासून सुरुवात झाली. तिला न्यूमोनिया एकदाही झाला नाही.

डोळ्यांकडे मात्र दुर्लक्ष झाले. तिचा डावा डोळा बाहेरच्या बाजूला वळत नव्हता आणि चेहऱ्याच्या त्याच बाजूला कमजोरी असल्यामुळे झोपेत पापणी पूर्ण मिटत नव्हती. पापणीतली फट आधी तिच्या वडिलांना दिसली, बाराव्या रात्री. त्यानंतर थेंब, रात्री मलम आणि पापणीवर चिकटपट्टी असे सुरू झाले, नेत्रतज्ज्ञ येऊन गेले आणि बुबुळाला इजा झाली नव्हती. घरी सोडताना दिलेल्या औषधांच्या यादीत हे मलम नव्हते. ते आम्ही मागून घेतले.

नवव्या दिवशी ताप चढला तेव्हा ड्रेनमधल्या पाण्याचा नमुना लगेच प्रयोगशाळेत गेला आणि जंतू उगवतात का याची वाट पाहतानाच प्रतिजैविके सुरू झाली. शस्त्रक्रियेत सांडलेल्या रक्तामुळे मेंदूच्या आवरणाला जंतूंशिवायही सूज येते आणि तापावरून दोन्हींत फरक करता येत नाही. जंतू उगवले नाहीत, औषधे थांबवली. त्यानंतर ड्रेनचे भांडे रोज थोडे वर नेऊन तिचे शरीर स्वतः पाणी जिरवते का ते पाहिले. तिसऱ्या दिवशी ती पेंगू लागली, उलटी झाली आणि मानेमागच्या जखमेखाली पाण्याचा मऊ फुगवटा आला. फुगवटा सिस्टरने ड्रेसिंग बदलताना हाताने चाचपून ओळखला. १६व्या दिवशी कायमचा शंट बसवला, म्हणजे मेंदूच्या पोकळीतून कातडीखालून पोटात पाणी नेणारी नळी. दुर्बिणीने मेंदूतच नवी वाट करण्याचा पर्याय त्यांनी सांगितला होता आणि आमच्या मुलीसाठी शंट का निवडत आहोत याची कारणेही दिली होती. एकेका दिवसाचा हिशेब त्यांच्या डोक्यात होता, कारण या गाठीत किरणोपचार साधारण चार ते सहा आठवड्यांत सुरू करायचे असतात आणि शस्त्रक्रियेनंतरचे त्रास लांबले की ते पुढे ढकलले जातात. ३४व्या दिवशी किरणोपचार सुरू झाले.

घरी सोडताना मिळालेली फाइल ही या सेवेची सर्वांत कच्ची बाजू. तीस-बत्तीस पाने, त्यांतली निम्मी मोठ्या माणसांसाठी लिहिलेली. वाहन कधी चालवावे हा सल्ला सात वर्षांच्या मुलीच्या फाइलमध्ये होता. ‘डोकेदुखी झाल्यास डॉक्टरांना भेटा’ असे होते, पण किती वेळात आणि कोणाला, हे नव्हते. मुलांमध्ये बसवलेल्या शंटपैकी तीसचाळीस टक्के पहिल्या वर्षभरात बिघडतात, हे त्या फाइलमध्ये कुठेही नव्हते. ते सांगितले विभागाच्या विशेष सिस्टरने, निघताना, एका कोऱ्या कागदावर स्वतःच्या अक्षरात लिहून: सकाळची उलटी, न जाणारी सुस्ती, वर बघता न येणे, शंटच्या मार्गावर सूज किंवा लाली, ताप, यांतले काहीही दिसले तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, इथे या. तो कागद मी कपाटाच्या दाराला चिकटवला.

पाचव्या महिन्यात, केमोथेरपीच्या दुसऱ्या फेरीच्या बाराव्या दिवशी, ती सकाळी दोनदा ओकली आणि संध्याकाळपर्यंत झोपेतून उठेनाशी झाली. रात्री अकराला मी मदतीच्या क्रमांकावर फोन केला. दिवसा हा क्रमांक विशेष सिस्टर उचलतात आणि त्यांची उत्तरे नेमकी असतात; रात्री तो सामान्य कक्षाकडे वळतो. फोनवरच्या व्यक्तीने उलट्या औषधांमुळे असतील, सकाळी ओपीडीत या, असे सांगितले. मी कागदावरच्या ओळी वाचून दाखवल्या, बारा दिवसांनंतर औषधांच्या उलट्या अशा येत नाहीत असे म्हटले, तरी उत्तर तेच. अर्ध्या तासाने तिला हाक मारल्यावर तिने डोळे उघडले, पण ते वर वळेनात. मी पुन्हा फोन करून मेंदूशल्य विभागातल्या निवासी डॉक्टरांशीच बोलेन असा हट्ट धरला. त्यांनी दोन वाक्ये ऐकली आणि ‘निघा’ म्हणाले. पहाटे चारला शंटचे बुजलेले वरचे टोक बदलले. दुपारी तिने खिडकीतून दिसणाऱ्या झाडाकडे बोट दाखवले.

रात्रीचा क्रमांक प्रशिक्षित माणसाच्या हाती नसणे हा मला या सेवेतला सर्वांत गंभीर दोष वाटतो. मी लेखी तक्रार दिली, आणि शंट असलेल्या मुलांचे फोन आता रात्री थेट निवासी डॉक्टरांकडे जोडले जातात, असे उत्तर तीन आठवड्यांनी आले. त्यानंतर दोनदा रात्री फोन करण्याची वेळ आली आणि दोन्ही वेळा तसेच झाले.

पुनर्वसनाविषयी थोडक्यात लिहिते, कारण तिथे लिहिण्यासारखे थोडेच मिळाले. वॉर्डात फिजिओथेरपी रोज होती, घरी गेल्यावर आठवड्यातून एकदा उरली. स्मरण, वेग आणि एकाग्रता यांची चाचणी शाळेत परत पाठवण्याआधी व्हायला हवी होती. ती तारीख सहा महिने पुढची मिळाली आणि शाळेला काय सांगायचे हे आम्हालाच ठरवावे लागले. आज ती पाय थोडे फाकवून चालते, जिना चढताना कठडा धरते आणि एकेक शब्द सावकाश उच्चारते.

तरीही माझ्या ओळखीतल्या कोणा मुलावर अशी शस्त्रक्रिया ठरली तर मी याच विभागाचे नाव सुचवेन. मात्र भरती होण्याआधी तीन गोष्टी विचारून लिहून घ्या असे सांगेन: मूकत्वाची शक्यता आमच्या मुलाच्या गाठीत किती आहे, गिळणे आणि डोळे कोण आणि कधी तपासणार, आणि रात्री दोन वाजता फोन नेमका कोण उचलणार.

मागच्या आठवड्यात नियमित एमआरआय होता. तिच्या शंटच्या झडपेचा दाब बाहेरून चुंबकाने बदलता येतो आणि एमआरआयच्या यंत्रात तो आपोआप बदलू शकतो, म्हणून प्रत्येक स्कॅननंतर तो पुन्हा तपासावा लागतो. फाइलमध्ये हेही नव्हते. मी ते विचारायचे म्हणून वहीत लिहून नेले होते. स्कॅनच्या खोलीचे दार उघडले तेव्हा विशेष सिस्टर झडप मोजण्याचे उपकरण हातात घेऊन बाहेर उभ्या होत्या.